फुकटच द्या, पहिल्याच तपासणीला द्या

"फुकट दिलं की किंमत राहत नाही." हे वाक्य आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की ते खरं आहे का, हे कुणी तपासत बसत नाही. ग्रामपंचायतीच्या बैठकीत चालतं, जिल्हा नियोजनात चालतं, जेवणाच्या पंगतीत तर हमखास चालतं. गणवेश असो, सायकल असो, धान्य असो, कशावरही ते चिकटवता येतं. या आठवड्यात मला एकाच वस्तूबद्दल बोलायचं आहे, आणि त्या वस्तूपुरतं हे वाक्य साफ खोटं आहे एवढं ठासून सांगायचं आहे. वस्तू आहे मच्छरदाणी. हिवतापाच्या भागात राहणाऱ्या गरोदर बाईची, कीटकनाशक भारलेली मच्छरदाणी.

तिच्या बाबतीत हे वाक्य रीतसर मोजून पाहिलं गेलं. पश्चिम केनियातल्या दवाखान्यांत, खऱ्याखुऱ्या गरोदर बायांना वेगवेगळ्या किमती सांगून. त्या मोजणीत ते सपशेल पडलं. तरीही ते आपल्या तोंडून जात नाही, आणि दर पावसाळ्यात त्याची किंमत कुणीतरी पोटुशी बाई चुकती करते.

आधी त्या बाईकडे पाहू. पैशाचं मागाहून.

*

हिवताप तर कुणालाही होतो, मग गरोदर बाईचं वेगळं ते काय? वेगळी आहे ती वार.

फाल्सिपेरम जातीचा परजीवी शिरला की तांबडी पेशी चिकट होते. रक्तातून नुसती फिरत राहिली तर प्लीहा तिला गाळून काढते, म्हणून ती कुठे ना कुठे चिकटून बसते. गर्भारपणात तिला एक नवी जागा मिळते. वारेवर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा पदार्थ असतो, त्याला धरून या पेशी तिथे ठाण मांडतात. मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या संशोधकांनी १९९६ साली हे दाखवून दिलं, आणि तेही पश्चिम केनियातल्या बाळंतिणींच्या वारा तपासून.

जन्मापासून डासांत वाढलेल्या तिथल्या बाईच्या अंगात हिवतापाशी झुंजायची बरीच ताकद आलेली असते. पण वारेत चिकटणारा हा प्रकार तिच्या शरीराने आधी पाहिलेलाच नसतो. म्हणून पहिलटकरणीला धोका सगळ्यांत जास्त. पुढच्या खेपांना शरीर त्याला ओळखू लागतं.

यातली मोठी फसगत पुढे आहे. अशा बाईला ताप येईलच असं नाही. बोट टोचून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसेलच असंही नाही. वार मात्र त्यांनी भरलेली असू शकते. आईचं रक्त उतरत जातं, बाळाला पोचायचं ते पोचत नाही आणि मूल अडीच किलोच्या आत जन्माला येतं. "ताप आला की या, तपासून देऊ" हा सल्ला तिच्या काहीही उपयोगाचा नाही.

आपल्या गडचिरोलीत चित्र थोडं निराळं आहे. तिथे हिवताप पश्चिम केनियातल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाइतका बारमाही आणि दाट नाही, त्यामुळे मोठ्या माणसांच्या अंगातही तेवढी प्रतिकारशक्ती मुरत नाही. अशा भागात गरोदर बाईला ताप येतो तो सणसणून येतो, आणि पहिली खेप असो की चौथी, कुठल्याही खेपेला येतो. गंभीर हिवतापाचा धोका तिला इतर बायांच्या सुमारे तिप्पट असतो. त्यातून गर्भ पडतो, दिवस भरायच्या आत बाळंतपण होतं, मूल मेलेलं जन्मतं, कधी आईच हातची जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली आफ्रिकेतल्या हिवतापग्रस्त ३३ देशांत सुमारे ३ कोटी ५४ लाख बाया गरोदर होत्या. त्यांतल्या १ कोटी २७ लाख जणींना गर्भारपणात हिवतापाची लागण झाली. तिघींत एकीहून जास्त.

*

बरं, डासालाही गरोदर बाई लवकर सापडते. गाम्बियात स्टीव्ह लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर आणि बिनगरोदर बायांना सारख्याच झोपड्यांत झोपवून त्यांच्याकडे येणारे डास मोजले. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. गरोदर बायांकडे दुपटीने डास आले होते. कारणंही सापडली. शेवटच्या महिन्यांत बाई २१ टक्के जास्त हवा श्वासावाटे बाहेर टाकते, आणि डास त्या श्वासाच्या मागावर येतो. तिच्या पोटाची त्वचा सुमारे ०.७ अंशाने अधिक गरम असते. आणि त्याच मंडळींना असंही आढळलं, की लघवीसाठी तिला रात्री इतरांच्या दुप्पट वेळा उठावं लागतं, म्हणजे तितक्या वेळा मच्छरदाणीबाहेर यावं लागतं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. रात्री दोन-दोनदा उठणारी, पोट सांभाळत वाकणारी बाई. मच्छरदाणीची कड गादीखालून काढायची, बाहेर जायचं, परत येऊन अंधारात कड पुन्हा खोचायची. जाळी तोकडी असेल, तिघांच्या अंथरुणावर कशीबशी ओढून घेतलेली असेल, तर ती कड पुन्हा नीट खोचली जात नाही. "मच्छरदाणी दिली" आणि "मच्छरदाणी उपयोगी पडली" या दोन गोष्टींत एवढं अंतर आहे. ते कागदावर दिसत नाही, अंथरुणापाशी गेलं की दिसतं.

*

"औषधं आहेत की!" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द.

आफ्रिकेत गरोदर बायांना सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या गोळ्या ठराविक अंतराने प्रतिबंध म्हणून देतात. पण त्या तिसरा महिना उलटल्यावरच सुरू करता येतात. भारतात तर हा उपाय राष्ट्रीय धोरणातच नाही. पहिल्या तीन महिन्यांत हिवताप झाला तर वर्षानुवर्षं क्विनीनवर भागवावं लागलं, आणि क्विनीनने गरोदर बाईची रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन पहिल्या तिमाहीतही द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली ती थेट २०२२ मध्ये. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि पुन्हा पुन्हा उठतो. त्याला तिथून हुसकणारं प्रायमाक्विन गरोदरपणात देताच येत नाही.

म्हणजे ज्या काळात बाळाचे अवयव घडत असतात, त्याच काळात औषधांची पेटी निम्मी बंद असते. त्या काळात मच्छरदाणी हाच आधार. तिला तिसऱ्या महिन्याची वाट पाहावी लागत नाही, तिच्यासाठी रक्त तपासावं लागत नाही, आणि डॉक्टर जागेवर नसला तरी तिचं काम चालू राहतं.

*

आणि ती काम करते याचा भक्कम पुरावा आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आसेंबो भागात १९९० च्या दशकात मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काही गावांत मच्छरदाण्या दिल्या, काहींत प्रयोग संपल्यावर दिल्या. गरोदर बायांचे निष्कर्ष फेको टेर क्यूले यांच्या गटाने २००३ साली मांडले. मच्छरदाणीच्या गावांत पहिल्या चार खेपांच्या बायांमध्ये हिवतापामुळे होणारा तीव्र रक्तक्षय ४७ टक्क्यांनी कमी झाला, वारेतला हिवतापही घटला आणि कमी वजनाची बाळं २८ टक्क्यांनी कमी झाली. आफ्रिकेतले असे प्रयोग एकत्र करून पाहिलेल्या कॉक्रेन आढाव्यात पहिल्या काही खेपांमधले गर्भपात आणि मृतजन्म मिळून ३३ टक्क्यांनी कमी भरले.

आसेंबोत आणखी एक गोष्ट कळली. मच्छरदाणीवाल्या घरांपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या, पण स्वतःकडे मच्छरदाणी नसलेल्या घरांनाही फायदा झाला. कारण ही जाळी नुसता आडोसा नाही. माणसाच्या वासाने डास येतो, जाळीवर बसतो आणि पायरेथ्रॉइड औषधाने मरतो. गावात अशा जाळ्या पुरेशा झाल्या की डासच कमी होतात आणि जे उरतात ते म्हातारे होईपर्यंत जगत नाहीत. हिवताप पसरवतो तो म्हातारा डास, कारण त्याच्या पोटात परजीवी तयार व्हायलाच दहा-बारा दिवस लागतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की एका गरोदर बाईला दिलेली मच्छरदाणी ही तिच्यावर केलेली मेहेरबानी मुळीच नाही. तिच्या अंथरुणावर टांगलेली जाळी शेजारच्या घरासाठीही डास मारते. मग तिचे पैसे एकट्या तिच्याकडूनच का मागायचे?

*

आता पैशाची गोष्ट.

२००० नंतरच्या दशकात यावरून मोठं भांडण जुंपलं. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स म्हणत, मच्छरदाण्या सरसकट मोफत द्या. दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम ईस्टर्ली म्हणत, फुकट दिलेल्या जाळ्यांनी लोक मासे धरतात, नवरीच्या डोक्यावरचा पदर करतात. त्यापेक्षा थोड्या पैशाला विका. २००६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मलावीचा दाखला दिला. तिथे ग्रामीण दवाखान्यांत गरोदर मातांना अर्ध्या डॉलरला मच्छरदाणी विकत आणि दर नगामागे ९ सेंट परिचारिकेला मिळत. परिचारिकेला विकण्यात रस आणि बाईने पैसे मोजलेले, म्हणजे ती वापरणारच, असा युक्तिवाद. ऐकायला पटतो. आपल्या पंगतीतल्या वाक्याचाच हा सुटाबुटातला अवतार.

जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्यूपा या दोन अर्थतज्ज्ञ महिलांनी वाद घालत बसण्यापेक्षा तो तपासायचं ठरवलं. पश्चिम केनियातले २० दवाखाने घेतले. त्यांतल्या १६ ठिकाणी गरोदरपणाच्या तपासणीला येणाऱ्या बायांसाठी मच्छरदाण्या ठेवल्या. कुठे फुकट, कुठे १० शिलिंग, कुठे २०, कुठे ४०. चाळीस शिलिंग म्हणजे तेव्हाचे साधारण पंचवीस रुपये. मूळ किमतीच्या ९० टक्के सवलत दिलेलीच होती. त्या वेळी केनियात गरोदर बायांना मच्छरदाणी ५० शिलिंगला मिळत असे, म्हणजे हे त्याहूनही स्वस्त.

प्रयोगातली एक युक्ती बघण्यासारखी आहे. सांगितलेल्या किमतीला मच्छरदाणी घ्यायला तयार झालेल्या काही बायांना टोपलीतून एक पाकीट उचलायला सांगितलं. पाकिटात आणखी सवलत निघायची, कधी पूर्ण माफी. त्यामुळे सारख्याच इच्छेच्या बायांत काहींनी पैसे भरले, काहींनी भरले नाहीत. आता पैसे मोजल्यामुळे वापर वाढतो की नाही, हे स्वच्छ कळणार होतं. नंतर माणसं घरोघर गेली आणि जाळी खरोखर टांगलेली आहे का, ते डोळ्यांनी पाहून आली.

निकाल काय लागला? फुकटावरून किंमत ४० शिलिंगवर नेली तशी मच्छरदाणी घेणाऱ्यांच्या प्रमाणात ६० टक्के अंकांची घट झाली. ज्यांनी पैसे भरले त्यांनी ती फुकटवाल्यांपेक्षा जास्त वापरली, असं काही दिसलं नाही. आणि पैसे भरणाऱ्या बाया इतर गरोदर बायांपेक्षा जास्त आजारी, म्हणजे जास्त गरजू होत्या, असंही दिसलं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजून हे पाहिलं होतं. किमतीने गरज निवडली नाही, वापर वाढवला नाही. तिने फक्त बायांना दारातून परत पाठवलं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं आहे, ज्याला हवं त्याने वाचावं.

"मग फुकटची सवय लागते, पुढे कुणी विकत घेत नाही!" हाही आक्षेप ड्यूपा यांनी सोडला नाही. त्यांचा दुसरा अभ्यास २०१४ मध्ये आला. ज्यांना पहिली मच्छरदाणी फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळाली, ती घरं पुढच्या वर्षी दुसरी विकत घ्यायला उलट जास्त तयार होती. वस्तू वापरली, रात्री शांत झोप लागली, पोरं कमी आजारी पडली, तिचं मोल कळलं. मोल वापरातून कळतं.

या साऱ्या वादाची हकिकत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या 'पुअर इकॉनॉमिक्स' या पुस्तकात आहे. बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, त्यांच्या आई निर्मला मूळच्या मराठी घरातल्या. २०१९ चं नोबेल मिळालं तेव्हा आपण पानं भरभरून कौतुक केलं. कौतुक केलं ते चांगलंच. आता त्यांनी लोकांपुढे ठेवलेलं हे निष्कर्षाचं पानही वाचू या.

केनियाने वाट पाहिली नाही. २००६ साली तिथे लहान मुलांसाठी मच्छरदाण्या मोफत वाटल्या गेल्या. चार जिल्ह्यांच्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्या मुलांचं प्रमाण २००४ साली ७ टक्के होतं, सवलतीच्या विक्रीने ते २४ टक्क्यांच्या आसपास गेलं आणि मोफत वाटपानंतर एकदम ६७ टक्क्यांवर पोचलं. गरिबातल्या गरीब घरापर्यंत गेलं ते मोफत वाटपच. ऑगस्ट २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपली भूमिका स्पष्ट केली: मच्छरदाण्या मोफत किंवा अगदी नाममात्र किमतीत द्या.

*

उरलेले आक्षेप एका दमात.

"मासे धरायला वापरतात." काही ठिकाणी वापरतात, बहुतेकदा फाटलेल्या आणि जुन्या. तेवढ्यावरून पोटुशी बाई उघड्यावर झोपवायची? मच्छरदाणी किती जणींनी वापरली ते बघा, आणि न वापरणाऱ्या घरी जाऊन कारण विचारा.

"उकडतं." खरं आहे. मे महिन्यात जाळीखाली जीव घुसमटतो. मग बारीक भोकांची कोंदट जाळी देण्याऐवजी थोडी मोठी भोकं असलेली, मापाला पुरेशी मोठी द्या. औषध भारलेलं असल्यामुळे डास भोकातून शिरायच्या आधीच जाळीला टेकतो.

"औषध बाळाला बाधेल." ज्या प्रयोगांचा मी वर उल्लेख केला, त्यांत आईला किंवा बाळाला जाळीमुळे अपाय झाल्याचं आढळलं नाही. नवी जाळी पाकिटातून काढल्यावर दिवसभर सावलीत वाळत टाकायची, एवढंच. उन्हात नको, आणि धुतल्यानंतरचं पाणी नदी-तळ्यात नको, कारण ते माशांना मारक असतं.

"डास औषधाला सरावले." सरावतायत, आणि हे गंभीर आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरं कीटकनाशक मिसळलेल्या जाळ्या आल्या आहेत. टांझानियात मिसुंग्वी जिल्ह्यातल्या प्रयोगात क्लोरफेनापिर मिसळलेल्या जाळ्यांनी मुलांमधला हिवताप जुन्या प्रकारच्या जाळ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी ठेवला, आणि २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटना त्यांची शिफारस करते. सराव वाढतो म्हणून जाळ्याच बंद करायच्या हे उत्तर होऊ शकत नाही. चांगल्या जाळ्या घेणं हे उत्तर आहे.

"फवारणी करतोच की." करा. दोन्ही करा.

*

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात हिवतापाचं ओझं सगळ्यांत जास्त वाहतात त्यांत एकीकडे मुंबई आहे आणि दुसरीकडे गडचिरोली. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची. दाट जंगल, नाले, धानाची खाचरं. इथे 'क्युलिसिफेसिस' आणि 'फ्लुविअटिलिस' जातींचे ॲनॉफिलिस डास आहेत आणि फाल्सिपेरमचं प्राबल्य आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड बाहेरच्या जगापासून तुटतं. हिवताप वाढतो तो नेमका याच महिन्यांत.

आपल्याकडे सरकार मच्छरदाण्या विकत नाही, मोफतच देतं. हे चांगलं आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे. कुणी 'नाममात्र शुल्क' म्हणून पुढे आलं तर केनियाचे आकडे त्याच्यापुढे ठेवा.

पण वाटपाची आपली रीत गावाची आहे. हिवताप जास्त असलेलं गाव निवडायचं, घरं मोजायची, माणसं मोजायची, जाळ्या वाटायच्या आणि काही वर्षांनी पुन्हा यायचं. दोन वाटपांच्या मधल्या काळात त्या घरात सून येते. तिला दिवस जातात. तिच्या वाटणीची जाळी गाव मोजलं तेव्हा मोजलेलीच नव्हती. घरात ज्या आहेत त्यांत सासू-सासरे, दीर आणि पोरं झोपतात. एका जाळीला बंबाची ठिणगी उडून भोकं पडलेली असतात. जिथे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, तिथे ती सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. सासरची जाळी सासरीच राहते, माहेरच्या मोजणीत तिचं नाव नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात घरं फडावर मुक्कामाला जातात, जाळी घरच्या खुंटीला राहते. कागदावर गावात शंभर टक्के वाटप झालेलं असतं, आणि जिला सगळ्यांत जास्त धोका ती उघडी झोपलेली असते.

यात कुणाची वाईट नियत नाही. मोजणी चुकीच्या एककाची आहे. गाव मोजलं, घर मोजलं, बाई मोजायची राहिली.

जागतिक आरोग्य संघटना यावर सरळ उपाय सांगते. सार्वत्रिक वाटप करा, आणि त्याच्या आधी, मध्ये आणि नंतरही गरोदर बाईच्या तपासणीच्या ठिकाणी मच्छरदाणी देत राहा. शेजारच्या ओडिशाने २०१० च्या सुमारास 'मो मशारी' योजनेत गरोदर बाया आणि आदिवासी वसतिगृहांतली मुलं यांना डोळ्यांपुढे ठेवून जाळ्या दिल्या. पुढे २०१७ साली एक कोटीहून अधिक जाळ्या वाटल्या आणि दुर्गम पाड्यांत तपासणी-उपचाराची मोहीम जोडली. एका वर्षात तिथले हिवतापाचे रुग्ण ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. ओडिशात जंगल आहे, डोंगर आहे, पूर आहे, गरिबी आहे. आपल्याकडे आहे तेच सगळं तिथेही आहे.

*

मग करायचं काय? हवं ते थोडं आहे, पण नेमकं हवं.

हिवतापग्रस्त तालुक्यांत गरोदर बाईची पहिली नोंदणी होते त्याच टेबलावर, त्याच वेळी, तिच्या हातात मच्छरदाणी द्या. तिचं ओळखपत्र, गावाचा हिवताप निर्देशांक, मागच्या वाटपाची यादी, यांतलं काहीही आड आणू नका. दर महिन्याच्या ९ तारखेच्या मातृत्व शिबिरापर्यंत थांबवून ठेवू नका, कारण पहिले तीन महिने तोपर्यंत हातचे गेलेले असू शकतात. त्याहून बरं, आशाताईच्या वहीत नव्या जोडप्याचं नाव चढतं तेव्हाच जाळी द्या. दिवस जाण्याआधीच ती अंथरुणावर असू दे.

जाळीबरोबर दोरी आणि चार खिळे द्या. ही क्षुल्लक गोष्ट नाही. कुडाच्या भिंतीत खिळा टिकत नाही, म्हणून कितीतरी जाळ्या घडी घालून पेटीत पडतात. आशाताईला ती जाळी टांगून द्यायला वेळ द्या आणि त्या फेरीचा मोबदलाही द्या.

माता-बाल संरक्षण कार्डावर लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ठळक नोंदलं जातं. तशीच नोंद मच्छरदाणीची हवी: दिली कधी, टांगली का. माहेरी जाणाऱ्या बाईला तिथल्या उपकेंद्रात दुसरी जाळी मागायचा हक्क या नोंदीवरच मिळू दे. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या 'माहेरघरां'त बाळंतपणाआधी मुक्कामाला येणाऱ्या बायांच्या प्रत्येक खाटेवर धड जाळी असू दे. आणि हे सगळं मृगाच्या आधी गावात पोचू दे; नाल्याला पूर आल्यावर मंजुरी येऊन उपयोग नाही.

मुंबईकरांनीही मान वळवू नये. इथला 'स्टीफेन्साय' डास गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामाच्या पाण्यात वाढतो. त्याच बांधकामावर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांत गरोदर बायाही असतात. ज्या बिल्डरच्या खड्ड्यात डास वाढतात, त्याच्याकडून त्या खोल्यांत जाळ्या लावून घ्यायला महापालिकेला कुणी अडवलेलं नाही.

तुम्ही जिल्हा परिषदेत असाल, ग्रामसभेत बसत असाल, डॉक्टर असाल किंवा एखाद्या संस्थेला देणगी देत असाल, तर पुढच्या बैठकीत "किती मच्छरदाण्या वाटल्या?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी मोठं येतं. विचारा: "गेल्या महिन्यात नोंदणी झालेल्या गरोदर बायांपैकी किती जणी काल रात्री मच्छरदाणीत झोपल्या?" उत्तर येईपर्यंत बैठक संपवू देऊ नका. आणि कुणी म्हणालं, की फुकट दिलं की किंमत राहत नाही, तर त्याला सांगा की हे तपासून झालं आहे आणि ते खोटं निघालं आहे.